'मला काहीही चालेल' म्हणत मोठं झालेल्यांसाठी

घरात मारहाण नव्हती. दोन वेळचं ताटात पडत होतं, शाळेची फी वेळेवर भरली जात होती, दिवाळीला नवे कपडे येत होते. तरीही तिशीच्या आसपास कुणी सहज विचारतं, "तुला काय हवंय?" आणि उत्तरच सुचत नाही. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की "मला काहीही चालेल" हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं. हा लेख अशा माणसांसाठी आहे.

मुलाला काय वाटतंय याची दखल घरात वर्षानुवर्षं कुणी घेतली नाही, याला भावनिक दुर्लक्ष म्हणतात. यात घडलेलं काही नसतं, राहून गेलेलं असतं. म्हणून आठवायला बसलं की बोट ठेवावं असा प्रसंग सापडत नाही. "लोकांनी काय काय भोगलंय, आपल्याला कसलं दुःख" असं म्हणून माणूस स्वतःलाच गप्प करतो. हा आजार नाही. डॉक्टर कागदावर असं निदान लिहीत नाहीत. पण त्यातून लागलेल्या सवयी पुढे लग्नात, नोकरीत आणि तब्येतीत त्रास देतात.

सातारा जिल्ह्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत. वडील माथाडी कामाला मुंबईत किंवा फौजेत, आई शेतात आणि जनावरांत, मूल आजीपाशी. नाहीतर आईवडील दोघंही नोकरदार, शाहूपुरीत स्वतःचं घर, आणि संध्याकाळी एकच प्रश्न: किती मार्क पडले? गरिबी-श्रीमंतीचा इथे फारसा संबंध नाही. अशा मुलाचं कौतुकही ठरलेलं असतं, "लय गुणाचं पोरगं, कधी हट्ट म्हणून केला न्हाय." हट्ट न करणं हाच ज्याचा गुण ठरतो, ते मूल हवं आणि नको दोन्ही गिळायला शिकतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू: स्वावलंबन म्हणजे एकट्याने राहणं नव्हे. या लोकांना स्वावलंबी व्हायचं असतं, म्हणून ते पुण्याला खोली घेतात, कुणाचा रुपया घ्यायचा नाही असं ठरवतात, आणि सहा महिन्यांत होते त्याहून एकटे पडतात. कारण हातापायांचं स्वावलंबन त्यांच्यात आधीच गरजेपेक्षा जास्त असतं. दहावीचा फॉर्म एकट्याने भरलेला, तापात दवाखान्यात एकट्याने गेलेलं. कमी असतात त्या दोन गोष्टी: स्वतःला काय हवंय ते कळणं आणि ते दुसऱ्याकडे मागता येणं. साताऱ्यात 'स्वावलंबी शिक्षण' हे शब्द भिंतीभिंतीवर दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका' रुजवलं. पण त्या मुलांच्या पाठीशी वसतिगृह होतं, सोबती होते, आणि त्यांच्या जेवणासाठी स्वतःचे दागिने मोडणाऱ्या, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. आधाराशिवायच्या स्वावलंबनाला खरं तर नाइलाज म्हणायला हवं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ओळखणं, मग निवडणं, मग नकार, मग मागणं, त्यानंतर पैसा आणि घर. एकेका टप्प्याला तीन-चार आठवडे द्या. सगळं एकदम सुरू केलं तर पंधरा दिवसांत सगळंच बंद पडतं.

सुरू करण्याआधी तब्येत पाहून घ्या

मन उदास, झोप बिघडलेली, भूक बदललेली, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्यांबद्दल विचारा. यातलं काही बिघडलं असलं तरी माणूस असाच मलूल होतो, आणि डायरी लिहून थायरॉइड बरा होत नाही. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका त्याच क्षणी असेल तर ११२.

पहिला टप्पा: आत काय चाललंय ते टिपणं

ज्या घरात "काय झालं?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, त्या घरातलं मूल आतली खबर घ्यायचंच सोडून देतं. खबर येत असते, पण ती डोकेदुखी, पित्त, मानेचा ताठरपणा अशा वेषात येते. त्याला कारण आहे. पुष्कळ घरांत आजारपण हीच एक अशी वेळ असायची, जेव्हा कुणीतरी कपाळावर हात ठेवायचं. शरीर ते विसरत नाही.

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. दिवसातून तीन वेळा टिपायचं: सकाळी चहाच्या आधी, दुपारी जेवताना, रात्री अंथरुणात. एका वेळी दोनच ओळी.

पहिला आठवडा फक्त शरीर. जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले, पोटात गोळा, घशाशी आवंढा, तळहात गार, छातीत धडधड. भावनेचं नाव अजून शोधू नका. दुसऱ्या आठवड्यापासून शरीराच्या ओळीखाली एक शब्द लिहा. 'बरं' आणि 'टेन्शन' या दोन शब्दांना बंदी. मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: हुरहूर, धास्ती, चीड, खंत, हेवा, संकोच, ओशाळलेपण, रुखरुख, चुटपुट, घालमेल, तगमग, कंटाळा, उभारी, समाधान, उमाळा. पंधरा-वीस शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि त्यातून निवडा. पाठ करायची गरज नाही. चुकीचा शब्द निवडला तरी बिघडत नाही, कारण पुढच्या आठवड्यात तो आपोआप दुरुस्त होतो. चीड आणि वाईट वाटणं यांतला फरक बहुतेकांना पहिले पंधरा दिवस कळत नाही. जबडा आणि मुठी आवळलेल्या असतील तर बहुधा चीड. छाती जड आणि हातपाय गळालेले असतील तर बहुधा दुःख. हा ठोकताळा आहे, नियम नाही.

इथे काय काय बिघडतं? सलग आठ दिवस वहीत 'काही नाही' एवढंच येतं. येऊ द्या. फक्त त्यासोबत भूक आणि थकवा ० ते १० मध्ये लिहा, म्हणजे आत डोकवायची सवय मोडत नाही. याच्या उलट काहीजण पानंच्या पानं भरतात, वडिलांचं असं का झालं, आजोबांचं तसं का, आणि वाटण्याऐवजी विश्लेषण सुरू होतं. दोन ओळींची मर्यादा त्यासाठीच आहे. तिसरी अडचण अगदी घरगुती: वही कुणीतरी वाचतं. एकत्र कुटुंबात 'खाजगी' ही कल्पनाच नसते. मोबाइलमध्ये लॉक लावून लिहा, किंवा वहीत फक्त खुणा करा.

शरीराकडे लक्ष देताना अचानक बधिर वाटलं, भोवळ आली, जुनं काहीतरी समोर उभं राहिलं तर थांबा. डोळे उघडे, पाय जमिनीवर टेकवून, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, तोंडावर गार पाणी मारा. असं वारंवार होत असेल तर हा टप्पा एकट्याने करायचा नाही, समुपदेशकासोबत करायचा.

दुसरा टप्पा: आवड

करिअर, लग्न, शहर असल्या मोठ्या निवडींना आत्ता हात लावू नका. निवड पन्नास रुपयांच्या आतली हवी आणि तिचा निकाल तासाभरात लागायला हवा. रोज एक.

साताऱ्यात असाल तर कंदी पेढ्यापासून सुरुवात करा. दोन वेगवेगळ्या दुकानांतून थोडे थोडे घ्या, चार-पाच पेढे पुरतात. घरी आणून दोन वाट्यांत ठेवा. एकाचा रंग जास्त तपकिरी असेल, खवा जास्त भाजलेला, जिभेवर दाणेदार आणि शेवटी किंचित कडसर लागणारा. दुसरा मऊ, फिका, जास्त गोड. दोन्हींचा एकेक घास घ्या, मध्ये पाणी प्या, आणि ठरवा: मला कोणता आवडला? प्रसिद्ध दुकान कोणतं, वडिलांना कोणता आवडायचा, स्वस्त कोणता, हे प्रश्न बाजूला. उत्तर वहीत लिहा आणि एक कारण जोडा. 'कमी गोड म्हणून' एवढंही पुष्कळ. हे पोरखेळ वाटेल. पण ज्याला दोन पेढ्यांतला आपला कोणता हे सांगता येत नाही, त्याला दोन स्थळांतलं किंवा दोन नोकऱ्यांतलं कसं सांगता येईल?

चहाच्या टपरीवर चौघे उभे असताना सगळ्यांच्या आधी आपली मागणी सांगा. साधा, कडक, बिनसाखरेचा, किंवा "मला चहा नको, लिंबू सरबत." दुसरे बोलेपर्यंत थांबलात तर तुम्ही त्यांचीच निवड उचलणार.

वहीत तीन खाने करा: आवडलं, नाही आवडलं, माहीत नाही. सुरुवातीला 'माहीत नाही'चा खाना सगळ्यात भरगच्च असतो. महिन्याभरात तो आटायला लागतो.

या टप्प्यावर बहुतेकजण एकाच दगडाला ठेचकाळतात: "पैसे वाया गेले." नको तो पदार्थ मागवला, मासिक फालतू निघालं, आणि रात्रभर स्वतःला बोल लावणं सुरू. यावर एक व्यवहारी तोडगा. महिन्याला दोनशे रुपये चुकण्यासाठीच बाजूला काढा. पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि महिनाअखेरीस ते संपले नसतील तर समजा की तुम्ही अजून जपूनच निवडताय, म्हणजे निवडतच नाही आहात.

महिना झाला की आठवड्याला एक तास पूर्ण स्वतःचा ठेवा. सकाळी अजिंक्यतारा किल्ला चढा, 'चार भिंती' स्मारकापाशी जाऊन बसा, वाचनालयात मासिकं चाळा. कुणाचं काम करत करत नव्हे, 'जाता जाता भाजी आणतो' असंही नाही. मुलीबाळींना आणि सुनांना हा तास मिळवणं जड जातं, हे खरं आहे. तिथे बाहेर जाण्याचा हट्ट धरण्याऐवजी घरातच जागा काढा: कपाटातला एक कप्पा फक्त माझा, दुपारचा अर्धा तास माझा. सांगताना "मला एकटं राहायचंय" असं म्हटलं की घरात चर्चा सुरू होते. "दुपारी अडीच ते तीन मी वाचत असते" याला सहसा कुणी अडवत नाही.

तिसरा टप्पा: नकार

नकाराचा सराव खालच्या पायरीवरून करतात. आधी अनोळखी माणूस: दुकानदार जास्तीचं गळ्यात मारतोय, त्याला "नको, एवढंच द्या." मग सहकारी, मग मित्र, मग काका-मावशी, आणि सगळ्यात शेवटी आईवडील. लोक नेमकं उलटं करतात. वीस वर्षांचं साठलेलं घेऊन पहिला नकार थेट वडिलांना देतात, तोही गावच्या यात्रेत, पाहुण्यांनी भरलेल्या घरात. मग आठ दिवस अबोला, आणि 'नकार दिला की असं होतं' हा धडा पक्का होतो. लग्नकार्य, यात्रा, आजारपण या दिवसांत पहिला नकार देऊ नका.

वाक्यं आधी तयार ठेवा आणि मोठ्याने म्हणून पाहा.

"आज जमणार नाही."

"बघून सांगते, संध्याकाळपर्यंत कळवते." हे म्हटलं तर संध्याकाळी कळवायचंच. नाहीतर तो नकार न राहता टाळाटाळ होते.

"आई, या रविवारी मी येत नाही गं. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो."

"आबा, तुम्ही म्हणताय ते कळलं मला. पैसे मात्र या महिन्यात देता येणार नाहीत."

कारण एकच द्या, शक्यतो एकही नको. तीन कारणं दिली की समोरचा तिन्हींवर उपाय सुचवतो आणि तुमच्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही. "गाडी नाही म्हणतोस? मी सोडतो की!" इथे संभाषण संपलं.

नकारानंतरचा दीड-दोन दिवस अवघड असतो. छातीत धडधड, "वाईट वाटलं असेल का त्यांना", फोन करून माफी मागायची ऊर्मी. हे होणार हे धरूनच चाला. अठ्ठेचाळीस तास नकार फिरवायचा नाही एवढा एकच नियम पाळा. बहुतेक वेळा समोरचा माणूस तासाभरात विसरलेला असतो. आणि "लई बदललास बाबा तू" असं कुणी म्हटलं तर त्यावर खुलासा देत बसू नका. "हो, थोडा बदललोय" पुरेसं आहे.

चौथा टप्पा: मागणं

आमच्या मते हा सगळ्यात अवघड टप्पा आहे, आणि बहुतेक मार्गदर्शनात त्याला दोन ओळींत उरकलेलं असतं. दुर्लक्षात वाढलेला माणूस देण्यात तरबेज असतो. ऑफिसात सगळ्यांची कामं करतो, मित्रांच्या आईला दवाखान्यात नेतो. त्याच्यासाठी कुणी काही करायला गेलं की मात्र अवघडतो, "अरे कशाला, कशाला" करतो. कधीतरी मागितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं, मग मागणंच बंद केलं. मनातल्या त्या हिशेबाला आता खोटं पाडायचं आहे, आणि ते फक्त मागून पाहिल्यानेच होतं.

पायऱ्या अशा. पहिला आठवडा वस्तू मागा: पाण्याचा ग्लास, पेन, चार्जर. दुसरा आठवडा वेळ: "दहा मिनिटं बोलायचंय, आत्ता की जेवणानंतर?" तिसरा आठवडा सोबत: "उद्या सकाळी ९ वाजता माझ्याबरोबर सिव्हिलला येशील का? तासभर लागेल." चौथा आठवडा कान: "मला सल्ला नकोय, फक्त ऐकून घे."

प्रत्येक मागणीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: काय, कधी, किती वेळ. 'आजकाल जरा बरं वाटत नाही' ही मागणी नाही, ते सूचक बोलणं झालं. समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवायची, त्याने ओळखलं नाही की मनातल्या मनात त्याला नापास करायचं, हा जुना डाव आहे. लग्नात तर याने फार नुकसान होतं.

दुसरी चूक माणूस निवडण्यात होते. आयुष्यभर ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडेच, बहुधा वडिलांकडे किंवा मोठ्या भावाकडे, पहिली मागणी नेली जाते. उत्तर ठरलेलंच येतं. सुरुवात अशा माणसापासून करा ज्याने याआधी स्वतःहून तुमची विचारपूस केली आहे. असा एकच असला तरी चालेल.

तिसरी चूक परतफेडीची. मैत्रिणीने डबा आणून दिला की संध्याकाळच्या आत तिच्या घरी मिठाईचा पुडा पोचतो. आठवडाभर काहीही परत करू नका. "बरं वाटलं, थँक्यू" म्हणून थांबा. उपकाराखाली बसून राहायचा सराव करायचा आहे. तो अस्वस्थ करतो, म्हणूनच करायचा.

मागितलं आणि नकार आला तर? वहीत नोंद करा: कुणाकडे, काय, उत्तर काय. दहा मागण्यांनंतर ती पानं वाचा. 'कुणीच मदत करत नाही' हे वाक्य त्या पानांवर टिकतं का ते स्वतः बघा.

पैसा आणि कागद

खातं तुमच्या नावावर असणं पुरेसं नाही. बँकेचा एसएमएस कुणाच्या मोबाइलवर जातो ते तपासा. भावाचा किंवा नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर शाखेत जाऊन बदला. खातंच नसेल तर झिरो बॅलन्स खातं कुठल्याही सरकारी बँकेत उघडता येतं.

आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कलिस्टा, जातीचा दाखला, अधिवास: मूळ प्रती घरच्या ट्रंकेत असतील तर असू द्या, पण प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो आपल्याकडे हवेत. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये आधार, पॅन आणि बोर्डाच्या मार्कलिस्टा मिळतात.

घरी पैसे पाठवत असाल तर रक्कम आणि तारीख ठरवा. 'लागतील तसे' या पद्धतीत नाही म्हणायची पाळी दर आठवड्याला येते. दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम, आणि वरचं मागितलं तर "पुढच्या ५ तारखेला बघू." घरातल्या प्रत्येक अडचणीला पैसे पुरवून माया मिळवायचा प्रयत्न यातले बरेचजण करत असतात. त्यांना हे वाक्य म्हणताना घाम फुटतो. उसने द्यायचे तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या.

तीन महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च शिलकीत असल्याशिवाय घर सोडण्याचा विचार करू नका. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत ५ वर्षांची असते, पण अडीनडीचे पैसे तिच्यात ठेवू नका, कारण साधारणपणे ३ वर्षांआधी ती मोडता येत नाही. हे पैसे साध्या बचत खात्यात बरे.

वेगळं राहायचं का?

प्रत्येकाने राहायलाच हवं असं नाही. त्याच घरात राहून चारही टप्पे होतात. राहायचंच ठरलं तर भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट रोख दिलं तर पावती घ्या.

खोलीवर पहिला महिना कोसळतो तो संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. ओट्यापाशी उभ्याउभ्या फरसाण खाऊन, मोबाइल बघत झोपणं सुरू होतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आधीच बांधून टाका: व्यायामशाळा, भजनी मंडळ, तबल्याचा क्लास, काहीही, पण ठरलेल्या वेळी आणि माणसांत. आणि एक पदार्थ पक्का शिका. एका माणसाच्या मुगाच्या खिचडीला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच ते तीन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. ताट वाढून, खाली बसून खायची. स्वतःसाठी ताट वाढणं या लोकांना विचित्र वाटतं, दुसऱ्यासाठी मात्र ते रोज वाढतात.

समुपदेशकाकडे जाताना

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ते औषध देत नाहीत, चाचण्या आणि मानसोपचार करतात. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण, फी, एका भेटीची वेळ आणि गोपनीयता या चार गोष्टी फोनवरच विचारा. भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, चौकशी करा. 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम इथे बरीच वर्षं करते आहे. सांगलीकडच्यांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. "पोवई नाक्यावर कुणी बघितलं तर?" ही भीती खोटी नाही. व्हिडिओवरून भेट घ्या, नाहीतर कऱ्हाड-कोल्हापूर गाठा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं असंही तोच कायदा सांगतो. मात्र नुसत्या समुपदेशनाच्या भेटींची फी पॉलिसीत बसते का, ते आधी वाचून घ्या.

यात हमखास बिघडतं ते असं: समुपदेशकासमोरही तोंडातून "तसं बरं चाललंय" निघतं, आणि दोन भेटींनंतर 'यांना काही कळत नाही' म्हणून जाणं थांबतं. वहीतली आठवडाभराची पानं सोबत न्या आणि बसल्याबसल्या वाचून दाखवा. सहा भेटी होईपर्यंत निकाल लावू नका. भविष्य सांगणारा, धर्म-जात काढणारा किंवा "आईवडिलांचे पाय धरा, सगळं ठीक होईल" म्हणणारा भेटला तर मात्र सहाव्या भेटीची वाट बघायची गरज नाही.

आईवडिलांशी बोलायचं का, आणि सुट्टीत घरी गेल्यावर

पहिलं वर्ष नको. टिपणं आणि निवडणं सुरू झालं की काही महिन्यांनी राग उसळतो, आणि त्या भरात "तुम्ही मला कधी विचारलंत?" हे फोनवर निघून जातं. समोरून येतं, "काय कमी केलं तुला?" त्यांच्या मापाने त्यांनी काहीच कमी केलेलं नसतं. माण-खटावच्या ज्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात लहानपणी आईबापांना खडी फोडताना पाहिलं, तिच्या लेखी भरलेलं ताट हेच प्रेमाचं पूर्ण माप होतं. हे समजून घ्या. पण समजलं म्हणून तुमचं राहून गेलेलं भरून निघालं असं धरून चालू नका, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात. कबुलीची अपेक्षा ठेवून गेलात तर हात हलवत परत याल. त्यापेक्षा त्यांच्याच लहानपणाबद्दल विचारा: "आबा, तुम्ही पोरवयात घाबरलात की कुणाला सांगायचात?" काहीजण यावर तासभर बोलतात, काहीजण उठून गोठ्यात जातात.

दिवाळीत घरी गेलं की वर्षभराची शिकवण चोवीस तासांत विरते. पुन्हा तेच "काहीही चालेल", पुन्हा पाहुण्यांच्या ताटांची काळजी. त्यासाठी तयारी निघण्याआधीच करा. किती दिवस राहायचं ते ठरवा, पहिल्यांदा दोन रात्री पुरेत, आणि परतीची गाडी कोणती ते पोचल्यावर लगेच सांगून टाका. वही सोबत घ्या, दिवसातून तीनदा टिपणं चालू ठेवा. सकाळी अर्धा तास बांधावर किंवा देवळापर्यंत एकट्याने जाऊन या. एका जेवणाला आपली आवड सांगा, "आई, आज पिठलं कर ना." एकदा कशाला तरी नाही म्हणा, छोट्याशा गोष्टीला. आणि एकदा काहीतरी मागा. परतल्यावर त्याच रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका, कुणाला लांबलचक मेसेज पाठवू नका. दोन दिवस झोप काढून मग वही उघडा.